आधी तपकिरी, मग रंग

समुद्रातलं प्रवाळ घरच्या टँकमध्ये सांभाळणाऱ्या माणसाची खरी परीक्षा नवं प्रवाळ घरी आल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत होते. दुकानात जांभळं, निळं किंवा गर्द हिरवं दिसलेलं प्रवाळ खोक्यातून निघतं ते फिकट आणि मलूल. नाही तर तीन-चार आठवड्यांत साधं तपकिरी होऊन बसतं. पैसे मोजलेले असतात, जीवही लागलेला असतो. मग घाई सुरू होते. लाइट वाढवले जातात, दुसऱ्या दिवशी कमी केले जातात, प्रवाळ खालून वर आणि वरून खाली हलवलं जातं, रंग खुलवण्याचं आश्वासन देणारी एखादी बाटली पाण्यात रिकामी होते. हे पुस्तक त्या घाईच्या विरोधात लिहिलं आहे. प्रवाळाचा रंग बाहेरून आणून घालता येत नाही. प्राणी, त्याच्या पेशींत राहणारं शैवाल आणि वरून पडणारा प्रकाश यांचं पुन्हा जमलं की तो येतो, आणि येताना बहुतेक वेळा तपकिरी छटेतून येतो. त्या छटेला आजार समजून तिच्यावर उपाय करत राहणं हीच रंग परतण्यातली मोठी अडचण आहे, असं माझं ठाम मत आहे.

हे मत समजायचं तर आधी प्रवाळाचं शरीर समजून घ्यायला हवं. प्रवाळ म्हणजे पॉलिप नावाच्या शेकडो-हजारो लहान प्राण्यांची वसाहत आणि त्यांनी स्वतः घडवलेला चुन्याचा सांगाडा. सांगाड्यावरची मांसल त्वचा अगदी पातळ, जवळजवळ पारदर्शक असते. तिच्या आतल्या थरातल्या पेशींत झूझँथेली हे एकपेशीय शैवाल राहतं. निरोगी प्रवाळाच्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये त्याच्या पेशींची संख्या दहा लाखांच्या घरात जाते. दिवसा हे शैवाल प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमान प्राण्याला देतं. उथळ पाण्यातल्या पुष्कळ प्रवाळांची ऊर्जेची नव्वद टक्क्यांपर्यंतची गरज यातूनच भागते. शैवालात हरितद्रव्याच्या जोडीला पेरिडिनिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि दोघांचा मिळून सोनेरी तपकिरी रंग होतो. ज्या रंगाला टँकवाले नाकं मुरडतात, तो या प्राण्याच्या रोजच्या जेवणाची सोय करणाऱ्याचा रंग आहे.

जांभळा, गुलाबी, निळा, चमकदार हिरवा हे रंग मात्र प्राण्याचे स्वतःचे. ती प्रथिनं आहेत. त्यांच्या शोधाची हकीकत मला फार मोलाची वाटते, कारण तिच्या मधोमध मत्स्यालय आहे. ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ साली एका जेलीफिशमधल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाची पहिली नोंद केली. पुढे जिवंत पेशींत काय चाललंय ते पाहण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा ते वापरू लागल्या, आणि २००८ साली शिमोमुरा, मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांना त्याबद्दल रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. लाल रंगाचं असं प्रथिन मात्र हाती लागत नव्हतं. ते मॉस्कोत सापडलं. जे सागरी प्राणी स्वतः प्रकाश निर्माण करत नाहीत, त्यांच्यातही याच कुळातली प्रथिनं असणार, असा युली लाबास या जीवशास्त्रज्ञाचा कयास होता. तो पडताळून पाहायला दूरच्या सागरावर जावं लागलं नाही. मत्स्यालयात पाळलेल्या प्राण्यांचे नमुने घेतले गेले, आणि मिखाइल मात्स, सर्गेई लुक्यानोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली डिस्कोसोमामधलं लाल प्रथिन जगापुढे ठेवलं. टँकवाले या डिस्कोसोमाला ‘मशरूम’ म्हणतात. दगडी प्रवाळाचा तो सांगाडा नसलेला नातेवाईक. आज पेशीविज्ञानात वापरल्या जाणाऱ्या कितीतरी लाल प्रथिनांचं मूळ त्याच्यापर्यंत जातं. हौसेने ठेवलेल्या काचेच्या टँककडे गंभीरपणे पाहायला एवढं कारण पुरेसं आहे.

ही प्रथिनं प्राणी कशासाठी बनवतो, याचं एकच उत्तर सर्व प्रवाळांना लागू होत नाही. पण उथळ, कडक उन्हातल्या प्रवाळांच्या बाबतीत एक उत्तर चांगलं तपासलं गेलं आहे. तिथे ही रंगद्रव्यं पडद्याचं काम करतात, म्हणजे शैवालावर पडणारा जादा प्रकाश अडवतात. आणि ती तयार करण्याचा इशारा प्राण्याला मुख्यतः निळ्या प्रकाशाकडून मिळतो. निळा प्रकाश वाढला की पडदा दाट होतो, मंदावला की विरळ. म्हणून अंधुक जागी ठेवलेलं अ‍ॅक्रोपोरा हे फांद्यांचं प्रवाळ आपला जांभळा रंग सोडून देतं. त्याला तिथे त्याची गरज उरलेली नसते. त्याच वेळी शैवाल मिळेल तेवढा प्रकाश टिपण्यासाठी स्वतःतलं रंगद्रव्य वाढवतं. पडदा विरळ आणि आतला तपकिरी दाट, असा दुहेरी बदल झाला की ‘माझं प्रवाळ ब्राउन झालं’ ही तक्रार कानावर येते. तक्रार करणाऱ्याने एवढं ध्यानात घ्यावं की हे प्रवाळ जिवंत आहे, खातंपितं आहे आणि कमी प्रकाशाशी त्याने व्यवस्थित जुळवून घेतलं आहे.

याच्या उलट टोकाची गोष्ट इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात योर्ग वीडेनमान यांच्या प्रयोगशाळेने २०२० साली मांडली. समुद्राचं पाणी तापलं की प्रवाळातलं शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. हे ब्लीचिंग. पण काही ठिकाणी पांढरं पडण्याऐवजी प्रवाळ भडक गुलाबी, पिवळं, जांभळं होताना दिसलं होतं. कारण असं निघालं: शैवाल गेलं की आत शिरलेला प्रकाश शोषायला कोणी उरत नाही. पांढरा सांगाडा तो परत फेकतो आणि त्वचेच्या आत प्रकाश कितीतरी वाढतो. त्यातला निळा भाग प्राण्याला पडदा दाट करायला लावतो. ताण फार लांबला नसेल, तर त्या पडद्याच्या आडोशाला शैवाल पुन्हा वस्तीला येतं. ते आलं की प्रकाश पुन्हा शोषला जातो आणि भडकपणा ओसरतो. घरच्या टँकसाठी मी यातून दोन गोष्टी घेतो. शैवाल हरवलेल्या प्रवाळाला आडोसा हवा असतो. आणि नुसता भडक रंग दिसला म्हणून प्रकृती चांगली असं धरून चालता येत नाही.

आता प्रवासाकडे वळू. पुस्तकात ज्या प्रवाळाचा मागोवा पुन्हा पुन्हा घेतला आहे ते अ‍ॅक्रोपोरा आहे, आणि त्याचा नेहमीचा एक मार्ग इंडोनेशियातून निघतो. बालीच्या किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात मांडलेल्या रॅकवर, सिमेंटच्या लहान बैठकांना चिकटवलेल्या तुकड्यांपासून ते वाढवलं जातं. तिथून निर्यातदाराच्या टाक्या, विमान, अमेरिका किंवा युरोपातल्या घाऊक व्यापाऱ्याच्या टाक्या, मग दुकान, मग घर. दगडी प्रवाळं वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने आंतरराष्ट्रीय प्रवासाला परवान्याचे कागद लागतात आणि तपासणीत वेळ जातो. पॅकिंग करणारे कामगार फांद्यांचं प्रवाळ थर्मोकोलच्या तुकड्याला बांधून पिशवीत उलटं तरंगत ठेवतात, म्हणजे कोवळी टोकं प्लास्टिकला घासत नाहीत. पिशवीत थोडं पाणी आणि वर ऑक्सिजन. हे काम निगुतीने झालं आहे की नाही, यावर पुढचं पुष्कळ काही ठरतं. ते करणाऱ्या हातांचं नाव कुठल्याही जाहिरातीत येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पिशवी खोक्यात बंद झाली की आत अंधार होतो. शैवालाचं काम थांबतं, पण श्वसन सगळ्यांचंच चालू राहतं: प्राण्याचं, शैवालाचं, पाण्यातल्या जिवाणूंचं. प्राणवायू घटत जातो आणि कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा पीएच उतरतो. ताणाखालचं प्रवाळ चिकट स्राव सोडतं, तो कुजतो, अमोनिया वाढतो. थंडीच्या दिवसांत विमानतळावर खोकं रखडलं तर तापमानही घसरतं. दीड-दोन दिवसांच्या अशा प्रवासात काही शैवाल बाहेर टाकलं जातं, उरलेल्यातलं रंगद्रव्य कमी होतं. घरी पोहोचलेलं प्रवाळ फिकट का दिसतं, याचं उत्तर यात आहे. आणि अशा तीन-चार मुक्कामांवर वेगवेगळं पाणी आणि वेगवेगळा प्रकाश त्याने पाहिलेला असतो. दुकानात विसावा मिळाला असेल तर तिथेच ते तपकिरी होऊ लागलेलं असतं.

पिशवी उघडण्याच्या क्षणाबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे, म्हणून तो इथेच दूर करतो. पिशवीतल्या पाण्यात टँकचं पाणी थेंबाथेंबाने तासन्‌तास सोडत राहावं, असं सांगितलं जातं. माशाची असो की प्रवाळाची, लांबून आलेल्या पिशवीला हे लागू नाही. बंद पिशवीतल्या कमी पीएचमध्ये बहुतेक अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो आणि तो त्या मानाने सौम्य असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनियम विषारी अमोनियात बदलू लागतो. तेव्हा बंद पिशवी टँकच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवावं, क्षारतेत मोठा फरक नाही ना ते पाहावं, आणि पिशवीतलं पाणी फेकून प्रवाळ लवकर स्वच्छ पाण्यात घ्यावं.

मग डिप, म्हणजे किडी पाडणाऱ्या द्रावणात प्रवाळ थोडा वेळ बुडवणं. अ‍ॅक्रोपोरा खाणारा चपटा कृमी डोळ्यांना सहज दिसत नाही, कारण त्याचा रंग प्रवाळात मिसळून जातो. डिपने तो सुटून पडतो, पण त्याची अंडी मरत नाहीत. म्हणून बैठक काढून टाकणं आणि काही आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवून डिप पुन्हा देणं याला पर्याय नाही. रंग उडण्याचं कारण म्हणून या किड्याकडे लोक फार उशिरा पाहतात. त्याने कुरतडलेल्या जागा लहान, गोल आणि फिकट असतात. एकदा डोळ्यांत बसल्या की विसरत नाहीत.

फिकट प्रवाळ पाहून ‘मेलं’ म्हणण्याआधी भिंगातून पाहायची सवय लावावी. पांढऱ्या सांगाड्यावर पारदर्शक त्वचा आहे का, आणि रात्री पॉलिप बाहेर येतात का? येत असतील तर ते ब्लीच झालेलं आहे, उपाशी आहे, पण जिवंत आहे. त्वचा सालपटासारखी निघून येत असेल आणि खाली नागडा सांगाडा दिसत असेल तर तो ऊतकनाश. तिथे वाट पाहण्यात अर्थ नसतो. निरोगी टोकं कापून वेगळी करणं एवढंच हातात उरतं. या दोन अवस्थांतला फरक ओळखता न आल्यामुळे वाचू शकणारी प्रवाळं कचऱ्यात जातात, म्हणून पुस्तकातली सर्वाधिक छायाचित्रं मी याच प्रकरणाला दिली आहेत.

आता प्रकाश. कोकणात भाताची लावणी झाली की उपटून लावलेलं रोप काही दिवस पिवळं पडतं. शेतकरी त्याला लगेच खत घालायला धावत नाही, मूळ धरेपर्यंत थांबतो. प्रवासातून आलेल्या प्रवाळाबाबत मला हीच वागणूक हवी आहे. शैवाल कमी असताना तीव्र प्रकाश पडला की उरलेल्या शैवालावर त्याच्या कुवतीपेक्षा जास्त भार येतो, पेशीत घातक ऑक्सिजन संयुगं तयार होतात आणि प्राणी उरलंसुरलं शैवालही बाहेर टाकतो. दुकानात जो रंग पाहिला तो परत आणण्याच्या ईर्ष्येने पहिल्याच दिवशी प्रवाळ लाइटखाली अगदी वर बसवणारे हेच करतात. शैवालाला वापरता येणारा प्रकाश मोजणाऱ्या पार मीटरवर ५० ते १०० इतका उजेड मिळेल अशा खालच्या जागी सुरुवात करावी. पहिला आठवडा काहीही बदलू नये. पॉलिप बाहेर येऊ लागले, त्वचा भरल्यासारखी दिसू लागली, तपकिरी छटा आली की दर आठवड्याला थोडा थोडा उजेड वाढवत सहा-आठ आठवड्यांत अ‍ॅक्रोपोराला २०० ते ३०० पर्यंत न्यावं. मांसल, मोठ्या पॉलिपच्या प्रवाळांना एवढा उजेड लागतच नाही. त्यांचा मुक्काम खालीच बरा. उजेड वाढवताना प्रवाळ हलवण्यापेक्षा एलईडीची तीव्रता बदलावी, कारण जागा बदलली की पाण्याचा प्रवाहही बदलतो आणि नेमकं काय मानवलं नाही ते कळत नाही.

पाण्याबद्दलचं माझं म्हणणं थोडक्यात असं: २५-२६ अंश सेल्सिअस तापमान, ३५ पीपीटी क्षारता, समुद्राच्या जवळपास म्हणजे ७ ते ८.५ डीकेएच अल्कलिनिटी, आणि या तिन्हींत रोजचे चढउतार नकोत. आकडा थोडा इकडेतिकडे असला तरी चालतो, पण रोज बदलता आकडा चालत नाही.

नायट्रेट आणि फॉस्फेटवर मात्र थोडं थांबायला हवं. पुष्कळ वर्षं टँकवाल्यांच्या जगात शून्य नायट्रेट, शून्य फॉस्फेट हा आदर्श होता. त्याने प्रवाळांना फिकट, चॉकलेटच्या कागदासारखा नाजूक गुलाबी-पोपटी रंग येई आणि त्याचं फार कौतुक होई. तो रंग उपासमारीचा होता. शैवालाला पोषण न मिळाल्याने तपकिरी पातळ होई आणि प्राण्याचे रंग वर दिसत. धडधाकट प्रवाळ तशा पाण्यात काही काळ काढतं, प्रवासातून आलेलं काढत नाही. वीडेनमान यांच्याच गटाने २०१३ साली दाखवून दिलं की नायट्रोजन मुबलक आणि फॉस्फेटची टंचाई असली की प्रवाळ उष्णता आणि प्रकाशाला लवकर बळी पडतं. म्हणून फॉस्फेट शोषून घेणारी माध्यमं या दोन महिन्यांत बंद ठेवावीत. फॉस्फेट ०.०३ ते ०.१ आणि नायट्रेट ५ पीपीएमच्या आसपास असू द्यावं. शैवालाला परत वस्ती करायची आहे, त्याला हा शिधा लागतो.

खाऊ घालण्याविषयी आंद्रेया ग्रोटोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २००६ सालचं हवाईतलं काम मी अनेकांना वाचायला सांगतो. ब्लीच झालेल्या माँटिपोरा कॅपिटाटा या प्रवाळाने शिकार करून खाण्याचं प्रमाण एवढं वाढवलं की त्याची रोजची सगळी ऊर्जेची गरज त्यातून भागली. त्याच पाण्यातल्या पोराइटिस या दुसऱ्या प्रवाळाच्या दोन जातींना ते जमलं नाही, त्या साठवलेल्या चरबीवर आणि इतर साठ्यांवर जगल्या. अर्थ सरळ आहे. जे प्रवाळ रात्री तंतू पसरून खायला तयार आहे त्याला बारीक खाद्य जरूर द्यावं, जे मिटून बसलं आहे त्याच्यावर खाद्य टाकून पाणी बिघडवू नये.

एक गोष्ट विकत घेतानाच समजून घ्यावी. दुकानातली आणि जाहिरातीतली बहुतेक छायाचित्रं गडद निळ्या लाइटखाली काढलेली असतात. त्या उजेडात चमकणारी प्रथिनं उठून दिसतात, तपकिरी जवळजवळ दिसतच नाही. तेच प्रवाळ पांढऱ्या उजेडात कसं दिसतं ते पाहून घेतलं नाही, तर घरी आल्यावर ‘रंग गेला’ असं वाटणारच, आणि मग कधीच नसलेला रंग परत आणण्यासाठी त्या प्राण्याचे हाल होतात. विकणाऱ्याने दोन्ही उजेडांतली छायाचित्रं द्यावीत, ही अपेक्षा रास्त आहे आणि ती मोठ्याने व्यक्त करायला हवी.

हे पुस्तक मराठीत असल्याने एक गोष्ट स्पष्ट सांगणं माझं कर्तव्य आहे. भारतात दगडी प्रवाळांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. आपल्या समुद्रातून ती काढणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. तिथल्या खडकांवर पोराइटिससारखी प्रवाळं आहेत, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्या पाण्यातही ब्लीचिंगची नोंद केली आहे. सिंधुदुर्गात स्नॉर्केलिंगला जाणाऱ्या वाचकाला या पुस्तकाचा उपयोग ओळखण्यापुरता आहे: फिकट काय, मेलेलं काय, निरोगी तपकिरी काय. मालवणचं तपकिरी पोराइटिस पाहून ‘इथे रंगच नाहीत’ म्हणत परतणाऱ्यांना ते नव्याने पाहता आलं तर मला फार आनंद होईल. प्रत्यक्ष पाळण्याची प्रकरणं आहेत ती ज्या देशांत कायदा परवानगी देतो तिथे राहणाऱ्या मराठी माणसांसाठी.

त्यांना माझी एक विनंती आहे. प्रवाळ विकत घ्यायचं तर समुद्रातून तोडून आणलेली वसाहत घेऊ नका. बर्लिनच्या डीट्रिख श्ट्युबर यांच्या टँकमध्ये वाढलेल्या अ‍ॅक्रोपोराचे तुकडे १९८० च्या दशकापासून हातोहात इतरांच्या टँकमध्ये गेले, आणि बंद टँकमध्ये हे प्रवाळ वाढतं, वाटता येतं, हे अनेकांना त्यातून कळलं. आज टँकमध्ये वाढवलेले असे तुकडे, म्हणजे फ्रॅग, त्या देशांतल्या बऱ्याच मोठ्या शहरांत मिळतात. त्यांचा प्रवास काही तासांचा असतो, प्रकाश आणि पाणी ओळखीचं असतं, आणि रंग परतायला लागणारा काळ पुष्कळदा महिन्यांऐवजी आठवड्यांत मोजता येतो. तुमच्या टँकमध्ये एखादं प्रवाळ चांगलं फोफावलं, तर त्याचा तुकडा शेजारच्या टँकवाल्याला द्या, आणि देताना त्याला तुमच्या लाइटचा पार आणि पाण्याची अल्कलिनिटी लिहून द्या.